काकाच्या डाव्या बाजूला

विमानतळातून बाहेर पडलं की आधी नव्या डांबराचा वास येतो. मग गाडी तुयेच्या दिशेने उतरायला लागते आणि मी टॅक्सीवाल्याला एसी बंद करायला सांगून काच खाली करते. मार्च संपत आलेला असतो. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर काजूची झाडं आणि झाडांखाली पडून उन्हात तापलेले बोंडू, काजूची रसाळ फळं. त्यांचा वास गोड म्हणावा तर आंबूस, आंबूस म्हणावा तर डोक्यात जाणारा. एकदा माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीने नाकाला रुमाल लावून विचारलं होतं, "काय कुजलंय गं इथे?" आईच्या हातच्या जेवणाला कुणी नावं ठेवावीत तसा राग आला होता मला. तिला काय सांगणार, की माझी अख्खी पीएचडी ह्या वासात झालेली आहे!

इतरांच्या पीएचडीला ग्रंथालयाचा वास असतो. माझ्या प्रबंधाची पानं हुंगली तर त्यांना बोंडूचा, डिझेलचा आणि काकीने माझ्या तपासणीच्या मशीनभोवती गुंडाळून दिलेल्या गोधडीचा वास येईल असं मला उगाच वाटतं. गावोगाव फिरले त्या हंगामात काजूच्या डिकाने, म्हणजे चिकाने, माझ्या बोटांची सालं निघाली होती. विद्यापीठात हजेरीसाठी अंगठा लावायचं यंत्र मला ओळखायलाच तयार नव्हतं.

"ऑप्टोमेट्रीत डॉक्टरेट करतेय" हे वाक्य गावात खपवणं फार अवघड होतं. एका सत्यनारायणाला आईच्या मावशीने मला शेजारी बसवून घेऊन नीट चौकशी केली.

"म्हणजे डोळ्यांचां ऑपरेशन करतलंस?"

"नाय गो आजी."

"मगे चष्मे देतलंस?"

"ते आतासुद्धा देतंय."

"मगे ह्यां कित्याक गो बाय?"

हा शेवटचा प्रश्न मीही स्वतःला बऱ्याच सकाळी विचारत असे. माझा विषय काचबिंदू. हा आजार नजर कडेकडेने खात येतो. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली तेवढी राखता येते. मोठ्या हॉस्पिटलातलं अवजड मशीन गावोगाव नेता येत नाही. म्हणून डोक्याला बांधायच्या एका छोट्या मशीनवर ही कडेची नजर वेळेत पकडता येते का, हे मला पेडणे, डिचोली आणि वाळपईकडच्या गावांत फिरून बघायचं होतं. सगळ्या परवानग्या पदरात पडेपर्यंत काजूचा हंगाम उजाडला. लोक सकाळी डोंगरावर असायचे आणि दुपारी मोकळे, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

मला आणि मशीनला फिरवणार कोण, हा प्रश्न आमच्या घरात निघाला आणि निघता निघताच सुटला. भिकूकाका होता ना!

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तरुणपणीच तुये सोडून कारापूरला गेला आणि खाणींवर खनिज वाहायचा ट्रक, टिप्पर, चालवायला लागला. खाणी बंद पडल्या, टिप्पर विकावा लागला. काकी सांगायची, टिप्पर गेला त्या दिवशी हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता, जेवायलासुद्धा उठला नाही. मग त्याने एक छोटी पिकअप घेतली. नारळ, कौलं, चवथीला गणपती, जे मिळेल ते तो न्यायचा. त्या हंगामात मला नेलं. मशीन मागे ठेवलेलं असलं की तो गणपती नेताना चालवायचा तशीच गाडी चालवायचा, हळू आणि मान ताठ ठेवून. खड्डा आला की म्हणायचा, "बाय, डॉक्टरीण सांभाळ गो." डॉक्टरीण म्हणजे मी नव्हे, मशीन.

मी त्याच्या डाव्या बाजूला बसायचे. काकीने ओल्या काजूचे कोवळे गर, म्हणजे बिबे, सोलून, मीठ लावून डब्यात दिलेले असायचे. मी चार बिबे तळहातावर घेऊन हात त्याच्याकडे धरायचा आणि त्याने रस्त्यावरची नजर न काढता ते अचूक उचलायचे, हा आमचा रिवाज. बिबे चावत तो प्रत्येक वळणाची कुळकथा सांगायचा. इथे सगुणचा टिप्पर उलटला होता, इथल्या भट्टीचा हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, सगळ्यात चांगला, इथे तुझ्या बापाने मला पहिल्यांदा मारलं. डिचोली सोडल्यावरच्या चढणीवर एक आंधळं वळण होतं. कठड्यावर ओणवलेली काजूची झाडं, पलीकडचं काही दिसायचं नाही. तिथे पोचायच्या कितीतरी आधी काका हॉर्न द्यायला लागायचा. पाववाला पोदेर सकाळी गावात शिरताना वाजवतो तसा, थांबत थांबत, लाडात.

कारापूरच्या देवळातली ती दुपार आठवली की मला अजून एकटीला हसू येतं. सभामंडपात काकाने जुन्या टिप्परवाल्यांना गोळा केलं होतं. सगळे केस विंचरून, धुतलेले शर्ट घालून आलेले. पहिला नंबर सगुणमामाचा, काकाच्या टिप्परमागे ज्याचा टिप्पर असायचा तो. मी नजर तपासायचा गुंडाळलेला तक्ता हातात घेऊन भिंतीवरच्या खिळ्याकडे निघाले होते, तेवढ्यात मामा खुर्चीत ताठ बसला, एक डोळा हाताने झाकला आणि नुसत्या खिळ्याकडे बघत खणखणीत आवाजात सुरू झाला. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड." श्वास न घेता तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

"मामा, तक्तो अजून माझ्या हातात आसा," मी म्हटलं.

"मगे काय झालां? सगळे तक्ते सारकेच."

मी तक्ता उलगडून टांगला. त्यावर अक्षरं नव्हतीच. एका बाजूला फट असलेल्या गोल कड्या होत्या आणि फट कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं होतं. मामा बराच वेळ बघत राहिला.

"हीं कसली गो फुटकी काकणां? अक्षरां खय गेली?"

मागे बसलेल्यांच्यात चुळबुळ झाली. बिचारे सगळे तीच अक्षरं पाठ करून आले होते. भिकूकाका खांबाला टेकून, तोंडावर टॉवेल धरून गदगदा हसत होता. खाणी चालू असताना ड्रायव्हरांचे डोळे अधूनमधून तपासायचे आणि दवाखान्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षं एकच तक्ता. काका शाळा शिकलेला. रांगेत टिप्पर उभे असताना त्याने ती अक्षरं सगळ्यांकडून आरतीसारखी घोटून घेतली होती.

"तू कित्याक शिकयलंस तेंका?" परतताना मी चिडून विचारलं. मग मागचे पुढच्याला फटी सांगत राहिले आणि माझी एक दुपार फुकट गेली होती.

"अगो, डोळे बरेच होते तेंचे. इंग्रजीची भीती होती."

"आणि आज?"

"आज मीच सांगलंय. माझ्या पुतणेची परीक्षा आसा, सगळ्यांनी बरां वाचा. तुमच्यामुळे तिचे मार्क जावक नयेत."

आता ह्यावर काय रागावणार? माझी परीक्षा म्हणजे त्यांचीही परीक्षा, ह्याहून वेगळं काही त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फोनवरून मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. त्या कधी हसत नसत, पण त्या दिवशी हसल्या. म्हणाल्या, "छान. आता जे पाठ करता येत नाही ते तपास."

पाठ न करता येणारी गोष्ट म्हणजे ते मशीन. ते कपाळाला बांधलं की आत मधोमध एक ठिपका दिसतो. नजर त्याच्यावरच ठेवायची. मग कडेला कुठे तरी मंद दिवा चमकून जातो. तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. दिवा कुठे आणि कधी लागेल हे मशीनच ठरवतं, दर वेळी वेगळं. वाळपईच्या एका सुपारीच्या बागायतदार बाईने मशीन काढल्यावर सांगितलं, "आमच्या कुळागरात आल्यासारख्यां दिसलां गो, काजवेच काजवे." मी माझ्या टॅबलेटवर तिचं दृष्टिक्षेत्र बघितलं, निरोगी, स्वच्छ. तिने मला जाताना भाजीसाठी नीरफणस दिला.

असे दिवस चालले होते. सुखाचे होते. सुखाचे होते हे तेव्हाही कळत होतं, हे त्यांचं विशेष.

मग एका सकाळी मी नेहमीसारखा बिब्यांचा हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. काका बोलत होता, रस्त्याकडे बघत होता, आणि माझा हात त्याच्या डाव्या दंडाजवळ होता. त्याने घेतले नाहीत.

"काका, बिबे."

"खय?" म्हणत त्याने अख्खी मान वळवली, मग हसून उचलले. "बोलता बोलता ध्यान नाय रवलां."

 मी दिवसभर दुसऱ्यांच्या नजरेच्या कडा मोजत होते आणि ही कड माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होती. मग एकेक आठवायला लागलं. डाव्या बाजूचा आरसा, तो तुटायचा आणि काका पंचायतीला शिव्या द्यायचा, फांद्या तोडत नाहीत म्हणून. अंगणात काकीच्या सुपाला लागलेला त्याचा पाय. देवळाच्या दारात डावीकडून आलेल्या माणसाला दिलेला धक्का.

"काका, आज तुझे डोळे बघूया."

"माका मैलभर दिसता."

"समोरचां. आणि कडेचां?"

"कडेक काय आसा बघण्यासारख्यां? तू आसस, ती माका ठाऊक आसा." मग जरा थांबून म्हणाला, "तुझी पीएचडी जावंदे, मगे बघूया."

मी रोज विचारत राहिले आणि तो रोज तेच म्हणत राहिला. कधी भूक लागायची त्याला, कधी गाडीत डिझेल घालायचं असायचं. मला त्याचं कळत होतं. एकदा त्याच्या हातातलं स्टिअरिंग गेलं होतं. पुन्हा गेलं तर तो भिंतीकडे तोंड करून झोपेल आणि ह्या वेळी उठणार नाही, ही भीती काकीलाही होती आणि मलाही. पण थांबलं तर उरलेली नजरही जाणार, हे मला कळत होतं आणि त्याला कळून घ्यायचं नव्हतं. मी त्याच्याशी भांडायला लागले. गाडीतल्या कहाण्या बंद पडल्या.

आणि मग ते वळण. भर सकाळ होती, काकाने नेहमीप्रमाणे हॉर्न दिला होता, गाडीही हळूच होती. डाव्या कठड्यावरून डोक्यावर बोंडूंची पाटी घेतलेली एक बाई रस्त्यावर उतरली. मला ती दिसली, काकाला नाही. मी ओरडले. ब्रेक लागला, बाई मागे सरकली आणि पाटी कलंडली. पिवळे, लाल बोंडू उतारावरून घरंगळत गेले, काही आमच्याच चाकाखाली चिरडले. त्या वासाने गाडी भरून गेली. बाईला लागलं नव्हतं. घाबरून तिचा आवाज चढला होता.

"डोळे खय ठेयलंस रे बाबा? इतकी मोठी बाय दिसाक नाय?"

काका खाली उतरला, वाकून एकेक बोंडू गोळा करून पाटीत टाकायला लागला.  पाटी तिच्या डोक्यावर चढवून दिली, परत येऊन गाडीत बसला. मग म्हणाला, "घरा गेल्यावर लाय तुझां मशीन."

कारापूरच्या घराच्या सोप्यावर मी त्याच्या कपाळाला पट्टा बांधला. काकी दाराच्या चौकटीत उभी. मशीन सुरू झालं आणि काका भराभर बटण दाबायला लागला. टक्, टक्, टक्. मला क्षणभर वाटलं, माझं चुकलं, सगळं ठीक आहे. मग टॅबलेटवर बघितलं. दिवा लागला नव्हता तेव्हाही बटण दाबलं जात होतं. मशीन मधेच दिवा न दाखवता थांबतं, ते अशासाठीच. काकाने दिव्यांची लय पकडली होती आणि तो त्या लयीवर बटण दाबत होता. मी मशीन बंद केलं.

"काका, हय पाठ करूक काय नाय रे."

त्याने बटणावरचा अंगठा उचलला. मशीनने अर्धा चेहरा झाकलेला, तोंड तेवढं दिसत होतं. मग म्हणाला, "पुन्ना लाय. आता खरां दाबतंय."

ती तपासणी मी आयुष्यात विसरणार नाही. टॅबलेटवर मला प्रत्येक दिवा दिसत होता. मधल्या दिव्यांना टक् व्हायचं. मग डावीकडे दिवा लागायचा आणि काहीच व्हायचं नाही. पुन्हा लागायचा, आणखी प्रखर. शांतता. पडवीच्या पत्र्यावर झाडावरचा एखादा बोंडू पडायचा, काकी नाक ओढायची, आणि बटण गप्प. मी तपासनीस, माझ्या चेहऱ्यावर काही दिसता कामा नये, असं मला शिकवलेलं. तरी प्रत्येक दिव्याला मी मनात म्हणत होते, दाब काका, दाब. सगुणमामाकडून अक्षरं घोकून घेताना काकाच्या मनात काय असेल ते मला त्या दुपारी कळलं. आपलं माणूस पास व्हावं एवढंच वाटतं, बाकी काही सुचत नाही.

"पास काय नापास?" पट्टा सोडताना त्याने विचारलं.

"ही परीक्षा न्हय काका," मी म्हटलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. रडायचं त्याने होतं, समजूत माझी निघत होती.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून झालं, डोळ्यांचा दाब मोजून झाला, काचबिंदूच निघाला. रोज संध्याकाळी काकीने थेंब घालायचे ठरले. उजवीकडचं आणि समोरचं बरंच राखता येईल, गाडी मात्र नको, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी काका भिंतीकडे तोंड करून झोपेल म्हणून आम्ही दोघी धास्तावून बसलो होतो. तो अंगणात आला. पिकअपची चावी माझ्या तळहातावर ठेवून त्याने माझी मूठ बंद केली.

"शीक," म्हणाला. "तुझी गावां अजून आसत मगे."

डिचोलीकडच्या बंद खाणीच्या लाल रस्त्यावर मी गाडी शिकले. ज्या रस्त्यावर टिप्परांची रांग असायची तिथे चिटपाखरू नव्हतं. काका डावीकडे बसला आणि सगळा रस्ता मला बोलून दाखवायला लागला, कारण तो त्याला पाठ होता. "आता पिंपळ येतलो. हय खड्डो, उजवीकडसून घे. आता देवचाराचां देऊळ, नमस्कार कर. चढण, गियर बदल. हय हॉर्न मार, अजून, अजून मार." मी परवाना मिळेपर्यंत तिथेच घिरट्या घातल्या, आणि मग उरलेला सगळा हंगाम नेहमीच्या रस्त्यांवर मी चालवत होते आणि तो तसाच तिथले पिंपळ, खड्डे, वळणं बोलत होता. कहाण्या परत सुरू झाल्या. बिबे आता त्याच्या तळहातावर असायचे. मी रस्त्यावरची नजर न काढता उचलायचे. त्याचा हात मला डोळ्यांच्या कडेला नीट दिसायचा, आणि तो दिसतो आहे ह्याचंच मला दर वेळी वाईट वाटायचं.

तोंडी परीक्षेला काका आला होता. पहिल्या रांगेत बसून, मान जरा डावीकडे वळवून, म्हणजे मी त्याच्या उरलेल्या नजरेत पुरी मावेन अशी. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "कारापूरच्या पहिल्या दिवसाच्या नोंदी तुम्ही का वगळल्यात?" मी फुटक्या काकणांची गोष्ट सांगितली. सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने काका हसला. नंतर बाहेर येऊन त्याने हळूच विचारलं, "मार्क नाय मगे कापले?"

गेल्या चवथीनंतर काका गेला. झोपेतच. शेवटपर्यंत त्याला समोरचं दिसत होतं, आदल्या संध्याकाळी काकीने थेंब घातले होते. मी तेव्हा माझ्या शहरात, माझ्या वर्गात, मुलांना दृष्टिक्षेत्र शिकवत होते. पदवी माझ्या भिंतीवर आहे आणि मुलं मला डॉक्टर म्हणतात. मला तो हंगाम परत हवा आहे. सालं गेलेली बोटं, डिझेलचा वास, उजवीकडून येणारा तो आवाज, सगळं तसंच्या तसं. मिळणार नाही, हे कळतं. हवं ते हवंच असतं.

पिकअप आता तुयेला बाबांच्या अंगणात असते. घरी आले की मी ती घेऊन कारापूरला काकीकडे जाते. काल गेले. काकीसाठी आईने दिलेला डबा मी डावीकडच्या सीटवर ठेवला होता आणि रस्ता नेहमीसारखा तोंडाने म्हणत चालले होते. पिंपळ येतलो. खड्डो, उजवीकडसून घे. खड्डा कधीच बुजवलेला आहे. चढण लागली. मी हॉर्न द्यायला सुरुवात केली, थांबत थांबत, लाडात, वर पोचेपर्यंत. मग बघितलं तर डोंगर कापून रस्ता सरळ, रुंद केलेला. काजूची झाडं गेलेली, कठडा गेलेला, दूरवरचं सगळं लख्ख दिसत होतं.

वळण तिथे राहिलंच नव्हतं. मी आणखी एकदा हॉर्न दिला.